जावयाच्या एआर-१५ वर कुठली दुर्बीण बसवावी?

सुभेदार_खानापूर:
नमस्कार मंडळी. थोरली लेक टेक्सासात असते, जावई ग्रीनकार्डवाले. त्यांनी गेल्या महिन्यात एक एआर-१५ रायफल घेतली, ५.५६ मिलिमीटरची. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवली आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही अठ्ठावीस वर्षं रायफल घेऊन काढलीत. सांगा, यावर स्कोप कुठला लावू?" मी मिशीवर हात फिरवला, "सांगतो" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नाही.

आमची भरती ८४ ची. बेळगाव सेंटरला रिक्रूट असताना हातात आली ती ७.६२ एसएलआर, पुढं इन्सास. दोन्हीला काय, मागं भोक आणि पुढं माशी. भोकातून बघायचं, माशीचं टोक मधोमध धरायचं, श्वास रोखायचा, चाप दाबायचा. चांदमारीला उस्ताद कानाशी ओरडत असायचे, "दुरुस्त शिस्त, मजबूत पकड!" दुर्बीण ही साहेबांच्या गळ्यात असायची वस्तू.

जावयांचा वापर असा. शनिवारी रेंजवर ५० ते २०० यार्ड. शिवाय त्यांच्या मित्राचं रान आहे, तिथं रानडुकरं मक्याचा फडशा पाडतात. संध्याकाळी माचाणावर बसायचं, तिथून फार तर ऐंशी-नव्वद यार्ड, कधी कधी अगदी पायाखाली. आमच्या खानापूर भागातलं दुखणं तिकडंही आहे बघा. लेकही अधूनमधून चालवते. दुकानदारानं ६-२४x५० दाखवलीय आणि "मोठीच घ्या, मागाहून हळहळ नको" असं म्हणतोय.

आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडं अशी रायफल साध्या नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. तेव्हा "आम्हाला कुठं मिळंल" असं कुणी विचारू नये.

तंबाखू_निपाणी:
काका, चोवीस पट म्हणजे चोवीस पट की! डुकराच्या अंगावरची गोचीड दिसंल. घ्या डोळं झाकून.

नेमबाज_टिळकवाडी:
डोळे झाकून घेतली तर गोचीडही दिसायची नाही, दादा.

सुभेदार साहेब, आधी आकड्यांचा अर्थ सांगते. ६-२४x५० म्हणजे कमीत कमी सहा पट, जास्तीत जास्त चोवीस पट, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. यातला सहाचा आकडा तुमच्या कामाच्या आड येतो. डुक्कर पंधरा यार्डांवर आलं की सहा पटीत नुसते केस दिसतील. ते तोंडाकडचे की शेपटीकडचे, हे ठरवेपर्यंत ते पलीकडच्या शेतात.

दुसरा हिशेब, ५० ला २४ नं भागा. दोन मिलिमीटर. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत एवढाच जाड. दिवेलागणीला आपली बाहुली त्याच्या दुपटीहून मोठी उघडलेली असते, म्हणजे चित्र काळवंडणार. डोकं केसभर इकडेतिकडे झालं की काळी कड येणार ती वेगळीच. उलट १-६x२४ घेतली तर सहा पटीवरही ४ मिलिमीटरचा झोत मिळतो, आणि एक पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं.

मी मुलांना १० मीटर एअर रायफल शिकवते. आमच्या खेळात दुर्बीण चालतच नाही, मागे डायोप्टर म्हणजे बारीक भोक, आणि पुढे रिंग. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं, तेही भिंगाच्या दुर्बिणीशिवाय. नवीन मुलाला मी मुद्दाम एकदा जास्त पटीच्या दुर्बिणीतून बघायला लावते. स्वतःच्या काळजाचा ठोका टार्गेटवर नाचताना दिसला की तो घाबरतो. हात आधीही तेवढाच हलत होता, फक्त आता दिसला.

सुभेदार_खानापूर:
ताई, भागाकार पटला. हे दुकानदारानं का सांगितलं नाही?

मग तो लाल ठिपक्याचा साईट कसा? जावई म्हणतात तिकडं पोलीस, फौज सगळे तोच लावतात. पण माझं एक दुखणं आहे. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं तिकडं गेलो होतो. दुकानात काउंटरवर नमुन्याचे साईट लाकडाच्या ठोकळ्यावर बसवून ठेवले होते, रायफल बियफल काही नाही. एकात डोकावलो. ठिपका म्हणतात तो गोल नव्हताच. लाल द्राक्षाचा घड, आणि खाली उजवीकडं शेपटी. म्हटलं, खराब दिसतोय, दुसरा दे. दुसऱ्यातही घड. तिसरा महागातला काढून दिला, त्यातही तेच. जावयांनी बघितलं तर त्यांना स्वल्पविराम दिसला. दुकानदार हसून काहीतरी बोलला. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, डोळे तपासून घ्या म्हणतोय." मला राग आला. फौजेत मार्क्समन होतो मी.

चष्मेवाले_शहापूर:
सुभेदार साहेब, रागावू नका, पण तो बरोबर बोलला. तुम्हाला सिलिंडरचा नंबर असणार. डोळ्याचा पुढचा काच चेंडूसारखा गोल असावा लागतो. तो अंड्यासारखा झाला की ठिपक्याचा घड होतो, चांदणीला काटे फुटतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या येतात. तुम्हाला रात्री गोवा रोडला गाडी चालवताना असं होतं का, आठवून बघा.

खात्री करायच्या दोन सोप्या युक्त्या. पहिली, मोबाइलचा कॅमेरा साईटमागे धरून ठिपक्याचा फोटो काढायचा. फोटोत गोल आला तर साईट चांगला, डोळा वाकडा. दुसरी, डोळ्यासमोर साईट हळूहळू आडवा फिरवायचा. शेपटी साईटबरोबर फिरली तर दोष साईटचा. शेपटी जागच्या जागी राहिली तर तुमचा.

जावयांना स्वल्पविराम दिसतो म्हणजे त्यांनाही थोडा आहे. त्यांच्या चष्म्याच्या कागदावर सीवायएल असा रकाना असेल, त्यातला आकडा बघायला सांगा. चष्मा लावून आणि ठिपक्याचा उजेड कमी करून बघितलं की बराच फरक पडतो. ठिपक्याचा उजेड लोक विनाकारण पेटवून ठेवतात.

तंबाखू_निपाणी:
म्हंजे आमच्या ट्रॅक्टरला रात्री चार दिवं दिसत्यात त्ये ह्येच?

चष्मेवाले_शहापूर:
ते तुम्ही कुठून परत येत होता त्यावर आहे.

ऑस्टिन_चिकोडी:
काका, मी मूळचा चिकोडीचा, अकरा वर्षं झाली ऑस्टिनला. माझ्याकडं हीच रायफल आहे, आणि चुका करून झाल्यात, तेव्हा थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. आर्मालाइट नावाच्या कंपनीची ती रायफल, यूजीन स्टोनरच्या डोक्यातून निघालेली. १९५९ ला कंपनीनं ती कोल्टला विकली. नागरिकांना मिळते ती सेमी-ऑटो, एकदा चाप ओढला की एकच गोळी, तुमच्या एसएलआरसारखी. वरच्या बाजूला पिकाटिनी रेल म्हणजे खाचांची पट्टी असते, १९९५ पासूनच्या ठरलेल्या मापाची, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा साईट बसतो. इथंच घोळ सुरू होतो, कारण दुकानातलं सगळंच बसतं.

लाल ठिपका. स्वीडनच्या एमपॉइंटचा छोटा साईट एका बॅटरीवर ५०,००० तास चालतो, म्हणजे पाच वर्षं बंद करायचं नावच नाही. डोळा कितीही मागंपुढं असला तरी चालतं, वजन नगण्य. दोन एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, शंभर यार्डांवर साधारण एक इंच) ठिपका शंभर यार्डांवर दोन इंचाची जागा झाकतो, डुकरासाठी ते पुष्कळ. रेंजवर २०० ला कागदावरची भोकं बघायची असतील तर मात्र नुसता ठिपका कमी पडतो. आणि तुमच्या जावयांचा स्वल्पविराम.

प्रिझम, म्हणजे ठरावीक पटीची छोटी दुर्बीण. आत काचेवर खूण कोरलेली असते, बॅटरी संपली तरी काळी दिसते. वाकड्या डोळ्याला ती घडासारखी फुटत नाही. ट्रिजिकॉनचा एकॉग याच जातीचा, चार पट, अमेरिकन मरीननी वर्षानुवर्षं वापरलेला. त्यात खूण उजळायला ट्रिटियम असतं, त्याचं अर्धं तेज १२.३ वर्षांत जातं, म्हणून जुना घेताना तारीख बघावी. पण त्याच्या प्रसिद्ध मॉडेलला डोळा जेमतेम दीड इंचावर ठेवावा लागतो. चष्मा घासतो. हल्ली एक पटीचे आणि तीन पटीचे प्रिझम निघालेत, त्यांत जरा मोकळं बसता येतं.

तिसरी ती १-६ वाली, इकडं तिला एलपीव्हीओ म्हणतात. माउंट, म्हणजे ती रायफलवर बसवायचा कंस, धरून सहज सहाशे-सातशे ग्रॅम. आधी हलकी रायफल घ्यायची आणि मग तिच्या डोक्यावर पाटा ठेवायचा, असा प्रकार. पण काम सगळं करते.

माझं मत तीन पटीच्या प्रिझमला. काही फिरवायचं नाही, काही विसरायचं नाही.

एक कायद्याची गोष्ट. तुम्ही दुकानात ठोकळ्यावर लावलेला साईट बघितलात ते ठीक. पण व्हिजिटर व्हिसावर येऊन रायफल हातात घेणं इथल्या संघीय कायद्यात बसत नाही, शिकारीचा चालू परवाना असल्यासारखे थोडे अपवाद सोडून. एच-१बी वाल्यांनाही तेच लागू. जावई ग्रीनकार्डवाले म्हणून त्यांचं चालतं. सासरे कौतुकानं रेंजवर येतात आणि "एक राउंड मारू दे" म्हणतात, तेव्हा जावयाची पंचाईत होते. डुकरांचं म्हणाल तर टेक्सासात १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी रानात मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही.

आणि बॅगेत टाकून एखादी रायफलची दुर्बीण बेळगावला आणायचा विचार कुणी करू नये. इथल्या निर्यात नियंत्रणाच्या यादीत ती येते.

नेमबाज_टिळकवाडी:
ऑस्टिनकर, बाकी सगळं मान्य, पण तीन पटीच्या प्रिझमला माझा विरोध. पायाखाली आलेल्या डुकराला तीन पटही जास्तच. आणि ही रायफल दोघं चालवणार आहेत. साहेब, लेकीची उंची किती?

सुभेदार_खानापूर:
पाच फूट एक. जावई पाच अकरा.

नेमबाज_टिळकवाडी:
मग तर बघाच. प्रिझम आणि एलपीव्हीओ दोन्हींत डोळा ठरावीक अंतरावर लागतो, पण प्रिझमला ते अंतर तोकडं आणि चुकीला जागा कमी. १-६ ला साधारण साडेतीन-चार इंच मिळतात. एआरचा खांद्याला टेकायचा दस्ता आतबाहेर सरकतो, त्याला खाचा असतात. दुर्बीण जावयांच्या मापानं बसवायची, लेकीनं दस्ता दोन खाचा आत घ्यायचा, की तिचं नाक आपोआप जागेवर येतं. खाच मोजून पाठ करायची, दर वेळी अंदाज नको.

ऑस्टिन_चिकोडी:
दोघं वापरणार हे माझ्या वाचण्यातून निसटलं. बरोबर आहे ताई. मग १-६.

फक्त एक, काका. स्वस्तातल्या बऱ्याचशा १-६ मध्ये पट वाढवली तरी खुणा तेवढ्याच राहतात, चित्र तेवढं मोठं होतं. त्यात फुलीखालच्या, लांब अंतरासाठीच्या रेघा फक्त सहा पटीवर खऱ्या. तीन पटीवर ठेवून २०० ची रेघ धरली की गोळी भलतीकडं. जावयांना सांगा, रेघ वापरायची तर पूर्ण सहावर, नाहीतर मधली फुलीच धरायची.

बॅटरीच्या उजेडाची खूण घ्या, संध्याकाळी काळ्या डुकरावर काळी फुली दिसत नाही.

जुना_आर्मोरर_कॅम्प:
सगळे दुर्बिणीवर भांडताय, माउंटवर कुणी बोलेना. मी आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केली. एसएलआरच्या वरच्या पातळ झाकणावर दुर्बीण बसवायचा उद्योग मी बघितलाय. ते झाकण सरकून निघणारं, साफसफाईला काढलं आणि परत घातलं की आपल्या मर्जीनं बसतं. आज निशाणाच्या मधोमध, उद्या बाहेर. दुर्बीण कितीही महागाची असो, ज्याच्यावर बसलीय ते हललं तर ती हलली.

एआरला वर सपाट रेल आहे हे उत्तम. पण माउंट पुढं झुकलेला घ्या, कॅन्टिलिव्हर म्हणतात. दुर्बीण पुढं न्यावी लागते म्हणून लोक माउंटचा मागचा पाय रेलवर आणि पुढचा पाय नळीभोवतीच्या पुढच्या पकडीवरच्या रेलवर ठेवतात. ते दोन वेगळे तुकडे आहेत, वेगवेगळे तापतात, वेगवेगळे वाकतात. दोन्ही पाय मागच्याच तुकड्यावर.

बसवताना माउंट रेलच्या खाचेत पुढं रेटून धरायचा आणि मग आवळायचा, कारण धक्क्यानं तो पुढंच जायला बघतो. रिंगच्या झाकणाचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पौंड, खालच्या बोल्टचा आकडा कंपनीच्या कागदावर असतो. मनगटाच्या अंदाजानं आवळू नका, टॉर्कचा पाना घ्या. मनगटाचा अंदाज माझासुद्धा चुकतो. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून माउंटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. तुमच्या लेकीकडं असंल की.

तंबाखू_निपाणी:
आता माझं ऐका. पहिल्यांदा चोवीस पट म्हणालो ते मागं घेतो, कारण मी सोता भाजलोय. माकडं पळवायला म्हणून एक स्प्रिंगची छऱ्याची रायफल घेतल्ती, पॉइंट वन सेवन सेवन, वीस जूलच्या आतली, परवाना लागत न्हाई ती. माकडाला मारत न्हाई ओ, पत्र्यावर मारायची, आवाजानंच पळत्यात. त्यावर ऑनलाइन एक लई मोठ्ठी दुर्बीण मागवली. तीसेक छऱ्यात आतली फुली तिरकी झाली. आणि धा मारले तर फुलीच गळून पडली, खाली काचेत बारीक तार वळवळतीया. परत पाठवली, तर उत्तर आलं, "ही खऱ्या बंदुकीची आहे, छऱ्याच्या बंदुकीची नाही." आता बोला! खऱ्या बंदुकीचं सोसतीया आणि माझ्या छऱ्याचं सोसंना.

जुना_आर्मोरर_कॅम्प:
खरं सांगितलं त्यांनी. खऱ्या रायफलीचा धक्का एकाच दिशेनं, मागं. स्प्रिंगच्या छऱ्याच्या रायफलीत आतला दट्ट्या आधी पुढं झेपावतो, रायफल मागं येते, मग दट्ट्या टोकाला आपटतो आणि रायफल पुढं उडी मारते. दुर्बिणीला दोन्हीकडून थपडा. साधी दुर्बीण एकाच बाजूची थप्पड सोसायला बनवलेली असते. छऱ्यासाठी वेगळी मिळते, तशी मागवा.

सुभेदार_खानापूर:
मंडळी, उशिरा लिहितोय, मधे भाताची मळणी होती.

जावयांनी १-६x२४ घेतली, आत उजेडाची फुली असलेली, आणि कॅन्टिलिव्हर माउंट. बसवताना मी व्हिडिओ कॉलवर होतो. इथं रात्रीचे साडेदहा, तिथं दुपार. लेकीनं नेलपॉलिश काढलं, गुलाबी. काळ्या रायफलीवर सहा गुलाबी रेघा. आमच्या पलटणीत असं कुणी केलं असतं तर क्वार्टरगार्ड दाखवला असता.

मग शनिवारी झिरो करायला, म्हणजे फुली धरली तिथंच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवायला गेले. ऑस्टिनकरांनी मला खाजगीत सांगितलं होतं की ५० यार्डांवर झिरो केली की ५.५६ ची गोळी पुन्हा २०० च्या आसपास त्याच रेषेवर येते, म्हणून ५० च धरलं. दुर्बीण नळीच्या अडीच इंच वर बसते, म्हणून अगदी जवळ, सात-आठ यार्डांवर गोळी दोन इंच खाली लागणार, हेही जावयांना बजावून ठेवलं. डुक्कर पायाखाली आलं तर वर धरा.

पहिल्या तीन गोळ्या दोन इंच खाली आणि एक इंच उजवीकडं पडल्या. पण तिन्ही एका रुपयाच्या नाण्यात! ग्रुपिंग बघून मला बरं वाटलं, हात चांगला आहे पोराचा. मी राईस मिलच्या पावतीच्या मागं हिशेब मांडला. दुर्बिणीच्या घुंडीची एक क्लिक अर्ध्या एमओएची, म्हणजे ५० यार्डांवर पाव इंच. आठ क्लिक वर, चार क्लिक डावीकडं. कळवलं.

पुढच्या तीन गोळ्या उंचीला बरोबर, पण उजवीकडं दोन इंच! मी पावती तीनदा तपासली. शेवटी त्यांना विचारलं, घुंडीवरचा बाण कुठला होता? तर म्हणे, "बाबा, गोळी उजवीकडं होती म्हणून उजवीकडं चार फिरवले." बाणाची दिशा म्हणजे गोळी जाणार ती दिशा, हे एसएलआरच्या रिक्रूटलाही शिकवावं लागायचं. आठ उलटे फिरवले. मग नाणं मधोमध आलं. २०० वर लोखंडी पाटी ठेवली होती, ती चौथ्या गोळीला वाजली. फोनवर आवाज उशिरा आला, टण्ण.

लेकीनं दस्ता दोन खाचा आत घेऊन पाच मारल्या. तिचं ग्रुपिंग जावयांपेक्षा चांगलं होतं, पण ते मी इथंच लिहितोय, तिकडं सांगितलं नाही.

नेमबाज_टिळकवाडी:
लेकीचा श्वास स्थिर असणार, साहेब. आणि सांगितलं नाहीत तरी त्यांनी कागद बघितला असणार.

ऑस्टिन_चिकोडी:
पाटी वाजली ना, झालं. काका, जावयांना सांगा, पहिल्या शंभरेक गोळ्यांनंतर गुलाबी रेघा एकदा बघून घ्या.

चष्मेवाले_शहापूर:
सगळं झालं, पण मूळ पेशंट कुठाय? डोळे तपासले का?

सुभेदार_खानापूर:
तपासले. उजव्या डोळ्याला सिलिंडर दीड, डाव्याला पाऊण. बाईंनी विचारलं, "आजपर्यंत चालवलंत कसं?" म्हटलं, भोकातून बघत होतो. त्या म्हणाल्या, बारीक भोकातून बघितलं की वाकड्या डोळ्यालाही साफ दिसतं, म्हणून फौजेत कळलं नाही.

चष्मा परवा आला. काल रात्री अंगणात उभा राहून लावला आणि वेशीवरच्या ट्रान्सफॉर्मरकडं बघितलं. त्यावर एक लाल दिवा आहे, इतकी वर्षं त्याला खाली उजवीकडं शेपटी होती. गोल होता.